ऊन, ऊब आणि ओलावा : ‘वॉर्म’ या इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने

१

१९१९ च्या प्रारंभी, पहिल्या महायुद्धातून परतलेला सत्तावीस वर्षांचा एक तरुण ऑक्सफर्डच्या जुन्या अ‍ॅश्मोलियन इमारतीत इंग्रजीच्या महाकोशाच्या कामावर रुजू झाला. कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी त्याच्याकडे ‘डब्ल्यू’ या अक्षराने सुरू होणारे काही शब्द सोपविले. गांधीलमाशी, पाणी, दिव्याची वात, हिवाळा हे त्यांपैकी काही शब्द होत. आणि त्यांच्या बरोबरीने ‘वॉर्म’ हाही एक शब्द होता. खंदकज्वराने आजारी होऊन रणभूमीवरून परत आलेल्या या तरुणाचे नाव जे. आर. आर. टॉल्किन. पुढे महाकथांचा लेखक म्हणून तो जगभर वाचला गेला. तथापि आरंभीच्या या दिवसांत तो ‘वॉर्म’ सारख्या साध्या, घरगुती शब्दांची कुळे शोधीत बसला होता. १९२८ साली पहिल्यांदा पूर्ण झालेल्या त्या महाकोशातील या शब्दाचा लेख पाहिला, की साध्या शब्दांचे काम सर्वांत अवघड असते, ही गोष्ट ध्यानात येते.

‘वॉर्म’ या शब्दाची चर्चा मराठी वाचकापुढे कशासाठी करायची, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की गेल्या शतकभरात जे इंग्रजी शब्द मराठी गद्यात भाषांतराच्या वाटेने शिरले आणि आपल्या भावजीवनाची परिभाषाच हळूहळू बदलू लागले, त्यांत हा एक प्रमुख शब्द आहे. ‘उबदार स्वागत’, ‘ऊबदार व्यक्तिचित्रे’, ‘नात्यातील ऊब’ अशी शब्दयोजना आज परीक्षणांतून, प्रस्तावनांतून आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून सर्रास आढळते. प्रस्तुत लेखकाने कित्येक वर्षे प्रबंध तपासताना अशा ओळींखाली तांबडी रेघ ओढली आहे. ती रेघ कितपत न्याय्य होती, याचा फेरविचार करणे हाही या लेखाचा एक हेतू आहे.

२

प्रथम कुळाचा विचार करू. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘वेअर्म’ अशा रूपात आढळतो. जर्मनमध्ये तो ‘वार्म’ आहे. या सर्व जर्मानिक रूपांच्या मागे कोणता मूळ धातू आहे, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत दोन पक्ष आहेत. परंपरेने चालत आलेला पक्ष त्याचे नाते ग्रीक ‘थेर्मोस्’, लॅटिन ‘फोर्मुस्’, आर्मेनियन ‘जेर्म’, प्राचीन इराणी ‘गर्म’ आणि संस्कृत ‘घर्म’ या शब्दांशी जोडतो. दुसऱ्या पक्षाचा आक्षेप ध्वनिनियमांवर आधारलेला आहे. मूळ भाषेतील ज्या महाप्राण कंठ्योष्ठ्य व्यंजनापासून संस्कृतातील ‘घ’ आला, त्याचे जर्मानिक भाषांत शब्दारंभी ‘ब’ होते, ‘व’ होत नाही, असे या पक्षाचे म्हणणे आहे. त्यामुळे तो ‘वॉर्म’ चे मूळ ‘जळणे, उकळणे’ या अर्थाच्या एका निराळ्या धातूत शोधतो. हित्ताइत भाषेतील जळण्याचे आणि लिथुएनियन व स्लाव भाषांतील उकळण्या-शिजविण्याचे क्रियापद त्या धातूपासून आलेले आहे. हा वाद मिटलेला नाही. म्हणून ‘वॉर्म’ आणि ‘घर्म’ हे सख्खे भाऊ आहेत, असे विधान वर्गात छातीठोकपणे करणे योग्य होणार नाही.

परंतु ‘वॉर्म’ चे नाते संशयास्पद ठरले, तरी उरलेल्या कुटुंबाचे नाते पक्के आहे, आणि त्या कुटुंबाच्या दोन शाखा मराठीच्या अंगणात येऊन भेटलेल्या आहेत. वैदिक ‘घर्म’ म्हणजे ताप, उष्णता. त्याचप्रमाणे प्रवर्ग्य नावाच्या यज्ञविधीत मातीचे महावीर नावाचे पात्र लालबुंद तापवून त्यातील उकळत्या तुपात गाईचे व शेळीचे दूध ओततात, त्या तप्त आहुतीलाही ‘घर्म’ असेच नाव आहे. हा शब्द प्राकृतात ‘घम्म’ झाला आणि आधुनिक भाषांत ‘घाम’. मात्र अर्थाच्या वाटा फुटल्या. हिंदीत आणि नेपाळीत घाम म्हणजे ऊन. मराठीत आणि बंगालीत घाम म्हणजे उन्हाने अंगातून निथळणारे पाणी. एका भाषेने कारणाचे नाव राखले, दुसरीने कार्याचे. यज्ञपात्रापासून शेतकऱ्याच्या कपाळापर्यंतचा हा प्रवास खरोखर एका निबंधाचा विषय आहे.

दुसरी शाखा इराणी. प्राचीन फारसी महिन्यांच्या नावांत ‘गर्मपद’ असे एक नाव आढळते. तोच ‘गर्म’ शब्द फारसीच्या राजवटींबरोबर दख्खनेत आला आणि मराठीने त्याला ‘गरम’ केले. म्हणजे उन्हातून घरी आलेला मराठी माणूस घाम पुसत गरम चहा मागतो, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी विलग झालेले दोन चुलतभाऊ एका वाक्यात भेटतात. त्या चहासाठी त्याने थर्मास आणला असेल, तर ग्रीसमधला तिसरा भाऊही हजर असतो.

याच कुटुंबातील आणखी एक शब्द अधिक विचार करायला लावणारा आहे. वैदिक ‘घृण’ म्हणजे ताप, उन्हाची तिरीप. त्याच्याशी निगडित असलेला ‘घृणा’ हा शब्द अमरकोशात कारुण्य, कृपा, दया, अनुकंपा यांच्या पंक्तीत बसलेला आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून अंतःकरणाला पोचणारी धग म्हणजे घृणा, असा त्यामागील भाव असावा. पुढे त्याच शब्दाला जुगुप्सेचा अर्थ चिकटला. अमरकोशाने दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. आजच्या मराठीत घृणा म्हणजे केवळ किळस. परंतु ‘निर्घृण हत्या’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील घृणा किळस नसते, करुणा असते. मूळ शब्द पालटला, तरी त्याच्या नकारात्मक रूपाने जुना अर्थ जपून ठेवला. उष्णतेपासून करुणेपर्यंतची वाट आपल्या परंपरेला अपरिचित होती, असे म्हणणाऱ्यांना हा एक शब्द पुरेसे उत्तर आहे.

३

आता ‘वॉर्म’ च्या अर्थाकडे वळू. या शब्दाचा अर्थ ‘हॉट’ पेक्षा कमी गरम, असा केवळ मोजमापाचा नाही. ज्या उष्णतेत जिवाला सुख वाटते, ती ‘वॉर्म’. म्हणजे शब्दातच एक मूल्यनिर्णय सामावलेला आहे. चौथ्या शतकातील गॉथिक बायबलात या कुळातील क्रियापद दोन ठिकाणी आलेले दिसते. एके ठिकाणी थंडीच्या रात्री पीटर विस्तवापाशी अंग शेकीत बसतो, तेथे. आणि दुसरीकडे माणूस स्वतःच्या देहाचे पोषण व जपणूक करतो, तेथे. जर्मानिक भाषांच्या अगदी प्रारंभीच्या लिखितातच शेक आणि माया एका क्रियापदात नांदत होती. दुसऱ्या ठिकाणचे मूळ ग्रीक क्रियापद ‘थाल्पेइन्’ हे आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद पिलांवर वा अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीसाठी योजिलेले आहे. या पक्षिणीकडे आपल्याला पुन्हा यावे लागणार आहे.

इंग्रजीत या शब्दाने पुढे बराच संसार थाटला. अंगावर पुरेसे पांघरूण घेण्याइतकी अक्कल असणे, ही शहाणपणाची किमान कसोटी मानणारी एक म्हण एलिझाबेथकालीन इंग्रजीत होती. ‘मच अडू अबाउट नथिंग’ मध्ये शेक्सपिअरने बिअ‍ॅट्रिसच्या तोंडी तिचा उपयोग केला आहे. ‘वॉर्म’ माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी, पैसा बाळगून असलेला, असाही अर्थ पुढे रूढ झाला. शिकारी कुत्र्याला सावजाचा ताजा माग लागला, की तो माग ‘वॉर्म’. आणि लपाछपीतले मूल लपविलेल्या वस्तूच्या जवळ येऊ लागले, की तेही ‘वॉर्म’. वादात चढलेला आवाज, चित्रातील तांबडे-पिवळे रंग, नव्या घराचा वास्तुसमारंभ या सर्वांना हा शब्द पुरतो. या अर्थांच्या मुळाशी एक समान सूत्र आहे : बाहेर थंडी आहे, आणि कोठेतरी आत, जवळ, जिवंत असे काही आहे. या शब्दामागे नेहमी एक अदृश्य हिवाळा उभा असतो.

४

मराठीच्या पाठीशी असा हिवाळा नाही. तिच्यामागे वैशाख आहे. आपल्याकडे उष्णतेचे जवळजवळ सर्व संस्कृतोद्भव शब्द दुःखाकडे झुकलेले दिसतात : ताप, संताप, मनस्ताप, पश्चात्ताप, अनुताप. ‘शोक’ हा शब्दही ‘जळणे, झळकणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. उलट सुखाचे शब्द शीतलतेकडून येतात. डोळे निवतात, जीव थंडावतो, शब्दांनी गारवा वाटतो. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली. तिच्या अखेरीस पसायदानात ज्ञानदेवांनी सज्जनांना ताप नसलेल्या सूर्याची उपमा दिली आहे. उत्तर युरोपातील वाचकाला ताप नसलेला सूर्य म्हणजे डिसेंबरातला फिकट, निरुपयोगी सूर्य वाटेल. आपल्याला ती परमकृपेची मूर्ती वाटते. तमिळमध्येही कृपेला ‘तण्णळि’ असा शब्द आहे, आणि त्याचा पहिला घटक ‘थंड’ या अर्थाचा आहे.

परंतु मराठीच्या भावपरिभाषेचा मुख्य अक्ष थंड आणि गरम हा नसून ओला आणि कोरडा हा आहे, असे मला वाटते. जिव्हाळा म्हटले की आपल्या ओठांवर ‘झरा’ येतो. मायेचा ओलावा असतो, आईला पान्हा फुटतो, दगडाला पाझर फुटतो, मन आर्द्र होते. ‘स्नेह’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थच तेल किंवा तूप असा आहे. आणि प्रेम आटले, की बोलणे कोरडे होते, वागणे रूक्ष होते, पाहुणचार शुष्क होतो. इंग्रज ज्याला थंडे स्वागत म्हणतो, त्याला मराठी गृहिणी कोरडे आदरातिथ्य म्हणते. शेती पावसावर अवलंबून असलेल्या समाजाच्या भाषेत प्रेमाने पाण्याचे रूप घ्यावे, यात नवल नाही. ‘उबदार स्वागत’ या प्रयोगाखाली तांबडी रेघ ओढताना माझ्या मनात हाच विचार होता.

तथापि हवामानातून भाषेचा सारा स्वभाव सिद्ध करण्याचा मोह आवरला पाहिजे. हे तर्कशास्त्र दिसायला आकर्षक असले, तरी ते फार दूर नेता येत नाही. ‘गर्मजोशी से स्वागत’ हा हिंदी-उर्दूतील अत्यंत रूढ प्रयोग आहे, आणि तो इंग्रजीतून न येता फारसीतून आलेला आहे. उत्तर भारताच्या भाजून काढणाऱ्या उन्हाने त्याला अटकाव केला नाही. मराठीने फारसीकडून ‘गरम’ घेतला, मसाल्याला, डोक्याला आणि लाचखोराच्या खिशाला तो लावला; ‘गर्मजोशी’ मात्र घेतली नाही. अरबी भाषेचे उदाहरण याहूनही बोलके आहे. वाळवंटात वाढलेल्या त्या भाषेत लाडक्या अपत्याला डोळ्यांचा गारवा म्हणतात. कुर्रतुल ऐन हैदर या थोर उर्दू कादंबरीलेखिकेच्या नावातच तो शब्दप्रयोग आहे. पण त्याच अरबीत ‘हमीम’ या एकाच शब्दाला कढत पाणी आणि जिवलग मित्र असे दोन्ही अर्थ आहेत. भाषा हवामान विसरत नाही हे खरे. पण ती त्याची बटीकही नसते. एका रूपकाची निवड म्हणजे दुसऱ्याला कायमची बंदी नव्हे.

५

हा प्रश्न केवळ कोशाचा राहत नाही, तो भाषांतरकाराच्या टेबलावर येतो, तेव्हा त्याची धार कळते. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकाचे उदाहरण घेऊ. १६११ च्या मे महिन्यात ग्लोब नाट्यगृहात त्याचा प्रयोग पाहिल्याची समकालीन नोंद आहे. ते छापले गेले १६२३ च्या पहिल्या फोलिओत. सिसिलीचा राजा लिऑन्टीझ पहिल्या अंकात आपल्या पत्नीचा हात मित्राच्या हातात पाहतो, आणि त्याच्या संशयाचा पहिला उद्गार उष्णतेच्या अतिरेकाचा आहे. त्या आगीत त्याचे घर जळते. मुलगा मरतो, तान्ही मुलगी रानात टाकली जाते, पत्नी हर्मायनी मेल्याची वार्ता येते. सोळा वर्षांनंतर त्याला तिचा पुतळा दाखविला जातो. हयात असताना तिच्यात जी ‘वॉर्म’ चैतन्याची शोभा होती, ती त्याला आठवते. समोर आहे तो थंड पाषाण. मग पुतळा हलतो, राजाला हात पुढे करायला सांगितले जाते, तो स्पर्श करतो, आणि ती ‘वॉर्म’ असल्याचा उद्गार त्याच्या तोंडून निघतो. उष्ण, थंड आणि ‘वॉर्म’ या तीन शब्दांवर नाटकाची कमान उभी आहे. हातापासून सुरू झालेले पाप हातापाशीच निवते. असूयेचा दाह आणि दगडाची थंडी या दोहोंच्या मध्ये माणसाला जगण्यापुरती जी जागा आहे, तिचे नाव ‘वॉर्म’.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने हा प्रवेश भाषांतरित करून वर्गात वाचला. त्याने लिहिले होते, “हिचे शरीर गरम आहे !” वर्गात हशा पिकला आणि नाटकातील सर्वांत पवित्र क्षण हातचा गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. ‘गरम’ म्हटले की ताप चढल्याचा भास होतो, शिवाय त्या शब्दाला इतर छटाही आहेत. मी सुचविले ‘उष्ण’. तो शब्द प्रयोगशाळेतला वाटला. ‘कोमट’ तर सर्वथा त्याज्य. मराठी बायबलात लाओदिकीयाच्या मंडळीला, ना धड थंड ना धड गरम म्हणून, जो दोष दिलेला आहे, तो याच शब्दाने. ‘उबदार’ म्हणावे, तर राणीची शाल होते. त्या दिवशी आम्ही सारे निरुत्तर होऊन उठलो.

उत्तर पुढे घरात सापडले. नातवाच्या कपाळावर हात ठेवून घरातील वडीलधारी बाई म्हणाली, “अंग जरा ऊन लागतंय.” ‘उष्ण’, ‘उण्ह’, ‘ऊन’ अशा वाटेने आलेला हा शब्द विशेषण म्हणून आता मागे पडत चालला आहे. ऊन पाण्याची जागा गरम पाण्याने घेतली. ‘ऊन ऊन भात’ काही घरांत उरला आहे. आणि कोकणातल्या उन्हवरे, उन्हेरे या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांनी तो आपल्या नावांत जपला आहे. नाम म्हणून ‘ऊन’ भाजते. विशेषण म्हणून मात्र तो हाताला, जिभेला, अंगाला सोसवणारा, हवासा वाटणारा शब्द आहे. त्याला तापाची पुसट छटा आहे हे मान्य केले, तरी ती छटा काळजीने टेकलेल्या हाताची आहे. “हिचे अंग ऊन आहे !” असे लिऑन्टीझ म्हणाला, तर मराठी प्रेक्षक हसणार नाही. एवढेच नव्हे, तर लगेच पुढच्या वाक्यात राजाला जेवणाची आठवण होते. ही जादू असलीच, तर ती जेवण्याइतकीच धर्म्य मानली जावी, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ताटातल्या भाताला आणि जिवंत माणसाच्या अंगाला एकच विशेषण लावणारा मराठी शब्द त्या आशयाला आपोआप जाऊन मिळतो.

कीट्सने १८१९ च्या अखेरीस लिहिलेल्या मानल्या जाणाऱ्या एका त्रुटित कवितेतही हीच कसोटी लागते. आपला आता ‘वॉर्म’ असलेला, पकड घेऊ शकणारा हात उद्या थडग्याच्या गारठ्यात असेल, आणि तेव्हा तो तुझी स्वप्ने गोठवील, असे तो कवी कोणाला तरी बजावतो, आणि हात पुढे करतो. १८२१ च्या फेब्रुवारीत रोममध्ये तो वारला. तेथे ‘उबदार हात’ लिहिले, तर कविता मवाळ होते. कारण हा हात धीर देत नाही, हिशेब मागतो. येथेही ‘ऊन हात’ हाच शब्द टिकतो.

६

या दोन उदाहरणांवरून ‘ऊन’ आणि ‘ऊब’ यांतील भेद स्पष्ट होतो. ऊन ही वस्तूची स्वतःची अवस्था आहे; ऊब ही एकाकडून दुसऱ्याला मिळणारी गोष्ट आहे. गोधडी, शेकोटी, आईची कूस ऊब देतात. दोन्ही अर्थ इंग्रजी ‘वॉर्म’ मध्ये एकत्र बांधलेले आहेत. मराठीने ते वेगळे ठेवले आहेत. भाषांतरकाराने कोशातील पहिला प्रतिशब्द उचलण्यापूर्वी, मूळ संहितेत कोण कोणाला काय देत आहे, एवढे तपासले, तर निम्मी अडचण दूर होईल.

‘ऊब’ या शब्दाविषयीची माझी जुनी तक्रारही येथेच सैल होते. हिंदीत ‘ऊब’ म्हणजे कंटाळा. मराठीत त्या अर्थाला ‘उबग’ आहे. मराठी ऊब मात्र खुराड्यातली आहे. कोंबडी अंडी उबवते, त्या क्रियापदाशेजारी हा शब्द नांदतो. ग्रीक भाषांतरकारांनी अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीसाठी जे क्रियापद वापरले, तेच पुढे मायेने जपण्याचे क्रियापद झाले, हे आपण पाहिले. मराठीने इंग्रजीचा उंबरठा कधी ओलांडला नसता, तरी उबवणाऱ्या कोंबडीकडून मायेच्या उबेकडे जाण्याची वाट तिच्या अंगणात होतीच. तेव्हा ‘नात्यातील ऊब’ हा प्रयोग परका म्हणून नाकारता येणार नाही. इंग्रजीने फार तर आपल्याच घरातील बंद दाराकडे बोट दाखविले.

‘उबदार स्वागत’ मला आजही खटकते. कारण दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला कोणी उबवीत नाही, आणि मे महिन्यात विदर्भात तसे करणे क्रौर्याचे ठरेल. त्या ठिकाणी गूळपाण्याची वाटी पुढे करणारी भाषा आपल्याजवळ आहे, आणि तिला ओलाव्याचे शब्द पुरेसे आहेत. खरी हानी ‘ऊब’ आल्याने झालेली नाही. ती आली, म्हणून आपण ओलावा, निववणे, ऊन हे शब्द वापरायचे सोडून दिले, ही खरी हानी आहे. एका इंग्रजी शब्दाच्या चार अर्थांसाठी मराठीत चार शब्द असताना आपण सगळीकडे एकच लावू लागलो, तर भाषांतर सोपे होईल आणि भाषा गरीब होईल. यापुढे प्रबंध तपासताना मी ‘ऊब’ या शब्दाखाली रेघ ओढणार नाही. समासात ‘येथे ऊन की ओलावा?’ एवढे विचारीन.